तुम्ही बेसवर तानपुरा वाजवताय

पत्र :

दादा, माझं वय ५९. गेल्या वर्षी वीज मंडळाच्या बिलिंग विभागातून निवृत्त झाले, सांगलीत राहते. दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर मुलाची बेस गिटार सापडली. इंजिनिअरिंगला असताना त्यानं घेतली होती; आता तो हैदराबादला आणि गिटार माळ्यावर. पुसता पुसता जाड तारेला बोट लागलं आणि तो आवाज पोटात उतरला. तरुणपणी १२ वर्षं गाण्याच्या क्लासला जात होते. गळा बेताचा, म्हणून बाई मला कायम तानपुऱ्यावर बसवायच्या. त्या तारेनं तानपुऱ्याचा खर्ज आठवला. तेव्हापासून आठ महिने मोबाईलवरचे व्हिडिओ बघून रोज तास-दीड तास शिकतेय. स्केल पाठ झाल्यात, पण गाण्याबरोबर वाजवायला गेलं की दोन ओळींत हरवते. डाव्या हाताची करंगळी पोचत नाही, मनगट दुखतं, हल्ली रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. हे म्हणतात, "काय घूं घूं लावलंय!" एका क्लासमध्ये विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "आंटी, या वयात युकुलेले घ्या, सोपं पडेल." मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. खरंच उशीर झालाय का? आणि गिटारच्या पाठीवर त्यानं कवटीचा स्टिकर चिकटवलाय, तो काढू का?

उत्तर :

ताई,

आधी हाताचं बोलू. बाकी सगळं आठ महिने थांबलंय तसं आणखी पंधरा दिवस थांबेल.

बोटांची टोकं हुळहुळतात, त्यांवर तारेचे वळ उठतात, हे सगळ्यांना होतं. कातडी घट्ट झाली की जातं. पण रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांनाच मुंग्या येणं हे रियाजाचं दुखणं नाही. मनगटाच्या बोगद्यातून जाणारी नस दाबली जात असेल तर असं होतं. डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. बायकांमध्ये ते जास्त दिसतं, आणि मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर आणखी. तुम्हाला यातलं काही आहे का, ते पत्रात नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि "गिटार वाजवते" हे सांगायला लाजू नका, त्यांना ते माहीत असणं गरजेचं आहे. त्यांनी पाहीपर्यंत डाव्या हाताची सुट्टी. उजव्याला काम आहे, ते पुढे सांगतो.

आता करंगळी. टेप घ्या आणि गिटारच्या मानेवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत मोजा. (व्हिडिओतली मुलं फ्रेट म्हणतात, तुम्ही सतारी बनवणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहता, आपण सतारीचा शब्द वापरू.) साधारण १३ सेंटीमीटर भरेल. तुमची बेस नेहमीच्या मापाची, म्हणजे ३४ इंची तारेची असणार असं मी धरतो. व्हिडिओवाले पहिल्याच धड्यात या १३ सेंटीमीटरवर चार बोटं पसरायला लावतात, एका पडद्याला एक बोट. पंचविशीतल्या हाताला ते जमतं. तुमच्या हाताला ते आज जमायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. आता पाचव्या ते आठव्या पडद्याचं अंतर मोजा. दहाच्या थोडं वर येईल. वाद्य तेच, सूर त्याच भाषेतले, फक्त तीन सेंटीमीटरनी दया आलेली. पुढचे सहा महिने पहिल्या तीन पडद्यांकडे फिरकू नका.

दुसरी सोय कॉन्ट्राबासवाल्यांची. तो मोठा, उभा, व्हायोलिनच्या घराण्यातला बास. त्याची मान याहून लांब, त्यामुळे ते लोक खालच्या भागात चार बोटं पसरत नाहीत. तर्जनी, मधलं आणि करंगळी अशी तीनच वापरतात आणि अनामिका करंगळीला टेकू देते. चार बोटांत तीन पडदे. चौथा पडदा हवा असेल तर बोट ताणायचं नाही, सगळा हात सरकवायचा. तुमच्या मनगटाला हे मानवेल.

बसण्याचंही बघा. हात नसलेली खुर्ची घ्या आणि बसून वाजवतानाही खांद्याला पट्टा लावा, रुंद असलेला, कारण हे धूड चार किलोच्या आसपास भरतं. गिटारच्या मानेचं टोक खांद्याच्या उंचीकडे जाईल इतकं वर करा. मान आडवी ठेवली की मनगट मोडल्यासारखं वाकतं, आणि मला वाटतं तुमची निम्मी गोम तिथेच आहे. बोट पडद्याच्या अगदी मागे टेकवा. दोन पडद्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि वर खरखर येते.

तारा बदललेल्या नाहीत ना? माळ्यावर काही वर्षं पडलेल्या तारा म्हणजे गंजलेली किसणी. चार तारांचा नवा संच घ्या, लाँग स्केल सांगून. नेहमीचा संच ४५ ते १०५ जाडीचा येतो, तुम्ही ४० ते ९५ मागा, बोटाला हलका पडेल. फ्लॅटवाउंड नावाच्या गुळगुळीत तारा महाग असतात, पण कातडी वाचते आणि आवाजही जुन्या हिंदी गाण्यांतल्या बाससारखा गोल येतो. तारा बदलणाऱ्यालाच मान तपासायला सांगा. पावसाळ्यात लाकूड हलतं, मान वाकते, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या जातात आणि दाबताना जीव जातो. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती किल्लीनं पाव फेरा फिरवून हे सरळ करतात. तुम्ही स्वतः फिरवू नका. मिरजेचे सतारमेकर हाताचे फार कसबी, पण ही सळई त्यांच्या वाद्यात नसते. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या. एवढं करूनही हात दुखलाच, तर ३० इंची तारेची छोटी बेस मिळते. तिच्यावर ते १३ सेंटीमीटर साडेअकराच्या आसपास येतात. तिला लहान मुलांची म्हणून हसणारे हसोत.

आता खरा मुद्दा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा हसू आलं. राग मानू नका. गेले आठ महिने तुम्ही बेस वाजवत नाही आहात, बेसवर तानपुरा वाजवताय.

त्या १२ वर्षांनी तुम्हाला दिलंय पुष्कळ. तानपुऱ्यावर पंचमाला मधलं बोट आणि बाकीच्या तिन्ही तारांना तर्जनी, बरोबर? बेसवर उजव्या हाताची हीच दोन बोटं आलटून पालटून चालतात. इतरांना ती चाल बसायला महिने लागतात. आणि खर्ज लागला की नाही हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही. मी बेस हातात घेतला ४७व्या वर्षी, छापखाना विकल्यावर, आणि माझ्याकडे तो कान नव्हता.

पण त्याच १२ वर्षांनी दोन सवयी लावल्यात आणि बेसवर दोन्ही उलट्या पडतात. तानपुऱ्याची तार छेडली की सोडून द्यायची असते. ती विरत जाते, तिच्यावर दुसरी येते, आणि त्या मिसळण्यातच तानपुऱ्याचं सगळं सुख आहे. आणि दुसरं, तानपुऱ्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नसते. समोर तबलजी झपताल वाजवो की तीनताल, मागे बसलेल्या मुलीनं तिकडे लक्षच द्यायचं नाही, आपलं वर्तुळ आपल्या गतीनं फिरवायचं. लयीकडे ओढली गेली तर बाई मागे वळून बघायच्या, हो ना? तुम्ही १२ वर्षं ठेक्याकडे दुर्लक्ष करण्याचा रियाज केलाय, आणि चांगला केलाय. मग दोन ओळींत हरवणार नाही तर काय?

पहिल्या सवयीचा निकाल तुमच्या यजमानांनी लावलेलाच आहे. "घूं घूं" ही टीका अगदी शास्त्रशुद्ध आहे. एक तार वाजवताना शेजारच्या तारा आपोआप थरथरत राहतात, आणि आधीचा सूर थांबायच्या आत पुढचा येतो. सगळं मिळून पाण्याच्या मोटारीसारखं ऐकू येतं. बेसवर सूर सुरू करणं हे अर्धं काम आणि तो थांबवणं उरलेलं अर्धं. दुर्दैवानं थांबवण्याचे व्हिडिओ कोणी बघत नाही.

म्हणून डाव्या हाताच्या सुट्टीत हे करा. डावा पंजा चारही तारांवर नुसता टेकवून ठेवा, दाबायचं काहीच नाही. उजव्या हातानं वाजवा. 'ठप' असा मुका आवाज आला पाहिजे, सूर नको. मग पंजा उचला, मोकळी तार वाजवा, मनात चार मोजा, पंजा परत टेकवा आणि शांतता ऐका. ती शांतता जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सारखी यायला हवी. उजव्या हाताचा अंगठा एका जागी रोवून ठेवू नका. बारीक तारांकडे गेलात की तोही खाली सरकू द्या आणि जाड तारेवर आडवा टेकवा, म्हणजे ती गप्प बसते. एक आठवडा हे केलंत की आतल्या खोलीतून येणारी शेरेबाजी बदलेल. तानपुऱ्यात जवारी काढायला कारागीर तासन्‌तास घालवतात; बेसवर तीच झणझण दोष मानतात. कानाला हे आवडायला थोडा वेळ लागेल.

दुसरी सवय जास्त चिवट आहे. तिच्याबद्दल माझीच फजिती सांगतो.

बेस घेऊन वर्ष झालं असेल. आमच्या सोसायटीच्या गणपतीत जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. तबल्यावर भजनी मंडळातले एक वयस्क गृहस्थ, पेटीवर शेजारच्या बाई, आणि मी. मला शिकलेलं सगळं दाखवायचं होतं. पहिल्या गाण्यात मी जिथे जागा दिसेल तिथे सूर भरले. गाणं संपलं, टाळ्याही पडल्या. ते गृहस्थ डग्ग्याला, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याला, पावडर लावत माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, डग्ग्यावर पाय देऊ नका." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि पाऊण तास नुसता केरव्याचा ठेका ऐकवला. माझ्या हातात वाद्य नाही. मी फक्त सम आली की मांडीवर थाप मारायची.

तुम्हीही तेच करा. मोबाईलवर तबल्याच्या ठेक्याची अॅप भरपूर आहेत. व्हिडिओतल्या इंग्रजी मेट्रोनोमची टिकटिक तुम्हाला काही सांगणार नाही, कारण तिला सम नसते. केरवा लावा, गती ७० च्या आसपास. धा गे ना ती, ना क धि ना, आठ मात्रा. पहिला आठवडा एकच सूर, फक्त समेवर, 'धा' वर. पुढच्या सात मात्रा हात तारांवर टेकलेला. कंटाळा येईल. येऊ द्या. आवर्तन संपून सम परत येताना पोटात जी किंचित ओढ लागते, ती ओळखीची होईपर्यंत पुढे जायचं नाही. मग पाचव्या मात्रेवर दुसरा सूर. तिथे डगा गप्प असतो, त्यामुळे तुमचा सूर मोकळ्या मैदानात पडतो. सगळ्यात शेवटी सातवी, जिथे 'धि' वर डगा परत येतो. तिथे मात्र त्याच्याबरोबर पडायचं, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. दादरा याहून सोपा : सहा मात्रा, सूर पहिलीवर आणि चौथीवर. एवढ्या दोन ठेक्यांत तुमच्या ओळखीची निम्मी गाणी बसतील.

आता स्केल. पाठ केल्यात ते वाया नाही, पण ती इंग्रजी अक्षरं तुमच्या कानाशी बोलत नसतील. मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत सांगतो. सगळ्यात जाड तार पांढरी तीन, मग पांढरी सहा, पांढरी दोन, आणि बारीक तार पांढरी पाच. एक पडदा पुढे गेलं की अर्धा सूर चढतो. जाड तारेवर चौथा पडदा म्हणजे काळी चार. क्लासमध्ये तुमची पट्टी बहुधा हीच किंवा जवळची असेल. त्याच पडद्यावर शेजारची तार दाबली तर काळी एक.

आता गंमत बघा. काळी चारला सा धरा. तोच पडदा, शेजारची बारीक बाजूची तार, तो म. तिथून दोन पडदे पुढे प. आणि प ज्या पडद्यावर, त्याच पडद्यावर आणखी एक तार ओलांडली की वरचा सा. सा, प, सा, तुमच्या तानपुऱ्याची सगळी गृहस्थी एका पंजात. उलट दिशेनं, काळी एकचा सा धरलात तर त्याच पडद्यावर जाड तारेत खालचा पंचम बसलेला असतो. पट्टी बदलली की आकृती तीच, फक्त हात सरकतो. गळ्याला पट्टी बदलणं जड जातं, इथे ते दोन पडद्यांचं काम आहे. साध्या चालीची कितीतरी गाणी सा, म आणि प एवढ्या तीन ठिकाणांवर उभी राहतात. मुखडा गुणगुणत बसा आणि कुठे जमीन बदलल्यासारखी वाटते ते शोधा. जमीन बदलली की तुमचा सूर बदलतो. कागदावर काही लिहिलेलं लागत नाही.

उशीर झालाय का, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला.

हे वाद्य लिओ फेंडर नावाच्या माणसानं १९५१मध्ये बाजारात आणलं. कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा, म्हणजे तुमच्याच खात्यातला म्हणायचा. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॉन्ट्राबासवर पडदे नसतात, सूर अंदाजानं शोधावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. फेंडरनं पडदे बसवले आणि नावच ठेवलं प्रिसिजन बेस : बोट ठेवाल तिथे सूर नेमका. ज्यांना ती वर्षं घालवायची नव्हती त्यांच्यासाठीच हे वाद्य जन्मलं. ज्यांच्याकडे ती वर्षं नाहीत त्यांनाही ते चालतं. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचे, आणि तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. तारांबाबत त्यांचं ऐकू नका. पण दोन बोटं आलटून पालटून चालवताना गोंधळ झाला तर एकानं वाजवा, कोणी पकडायला येत नाही.

तुमचा वेग वीस वर्षांच्या मुलासारखा वाढणार नाही, हे खरं आहे. मुंबईच्या मोहिनी डे यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. वडील बेसवादक, अगदी लहानपणापासून हातात वाद्य. ते बघून आनंद घ्या आणि मोबाईल बंद करा. त्याऐवजी राहुलदेव बर्मन यांची सत्तरच्या दशकातली गाणी इअरफोन लावून ऐका. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. शब्द आणि चाल तुम्हाला पाठच असतील, म्हणून या वेळी फक्त तळ ऐका. इअरफोन सांगतोय कारण जाड मोकळी तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, आणि मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला तेवढं खाली उतरताच येत नाही. मोबाईलवर गाणं लावून बेस वाजवत होता ना? मग ज्याच्या मागे जायचं तेच तुम्हाला ऐकू येत नव्हतं. वय झाल्यावर कान साधारणपणे वरच्या, किणकिणत्या आवाजांपासून मंद होत जातो, खर्ज बराच काळ शाबूत राहतो. या वयात निवडायला हे वाद्य काही वाईट नाही.

त्या क्लासमधल्या मुलाला माफ करा. युकुलेले गोड वाद्य आहे, पण त्याचा सगळ्यात खालचा सूर पियानोच्या मधोमध येतो. खर्ज मागायला गेलेल्या बाईला बासरी देण्यासारखं झालं हे. तरी शिक्षक नकोच असं मी म्हणत नाही. वर्षभराची फी भरू नका, पण चार-पाच बैठका कुणाकडे तरी जरूर करा, फक्त तुमचे हात बघायला. आपण आपलं मनगट बाजूनं बघू शकत नाही. चर्चच्या गायनवृंदात वाजवणारा एखादा बेसवाला मिळाला तर उत्तम, कारण तो रोज दुसऱ्याला साथ करतो.

आणि साथ हीच तुमच्या आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी उणीव आहे. एकटा बेस म्हणजे भाजीशिवाय भाकरी. खाता येते, पण किती दिवस? तुमच्या शहरातही निवृत्त मंडळींचे कराओकेचे गट असणारच, हल्ली कुठे नसतात! आमराई बागेत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारा. मात्र तिथे माईक हातात घेऊ नका आणि तयार ट्रॅकवरही वाजवू नका, कारण त्यात बेस आधीच भरलेला असतो आणि तुम्ही चुकलात तरी ट्रॅक थांबत नाही. तो तुम्हाला सांभाळून घेत नाही, हरवायला ते एक कारण पुरतं. त्या गटातली दोन माणसं शोधा, एक पेटी किंवा कीबोर्डवाला आणि एक ढोलकी-तबला जाणणारा. दोन गाणी ठरवा. पट्टी गाणाऱ्याला विचारून आधी नक्की करा आणि तिचा सा गिटारवर कुठे येतो ते घरून शोधून जा. पहिल्या दिवशी फक्त समा वाजवा. खरंच, फक्त समा. कोणाच्या लक्षातही येणार नाही की तुम्ही काही वाजवलं. मग दुसऱ्या कडव्यात मुद्दाम वाजवणं थांबवा आणि त्यांचे चेहरे बघा. काहीतरी निसटलं एवढं त्यांना कळेल, काय निसटलं ते कळणार नाही. आठ महिने खोलीत बसून ज्याची वाट बघितली, ते तुम्हाला त्या क्षणी मिळेल.

तानपुऱ्यावर बसवलेल्या मुलीला हे नवीन नसावं. तानपुरा थांबला की गायकाचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही मागून नाही, पण अंदाजानं पाहिलंच असेल.

घरच्या आवाजाचं थोडक्यात. गिटार टीव्हीच्या साउंडबारला किंवा म्युझिक सिस्टीमला जोडू नका, स्पीकर फाटतो. गिटारच्याच भोकात बसणारा आणि हेडफोन लागणारा काडेपेटीएवढा अॅम्प मिळतो, तो रात्रीसाठी पुरे. दोन माणसांबरोबर वाजवायला १५ ते २५ वॉटचा बेसचा अॅम्प घ्या. बेसचाच, साध्या गिटारचा नको. तो फरशीवर न ठेवता चौरंगावर ठेवा, खाली जाड सतरंजी. जाड तारेच्या सुराची एक लाट आठ मीटरच्या वर लांब असते, तिला भिंतीची पर्वा नसते. फरशीवर ठेवलात तर खालच्या मजल्यावरच्यांना तुमचा केरवा पाठ होईल.

दीड तास सलग बसू नका. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, मधे हाताला विसावा. डॉक्टरांनी डाव्या हाताला परवानगी दिली की त्यालाही दहा मिनिटांपासूनच सुरुवात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई करू नका. बिलिंग खात्यात थकबाकी वसूल करायची सवय असेल, ती इथे नको.

मुलाला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. तारांचा संच कोणता घेऊ, एवढंच विचारायला फोन केलात तरी पुरे, पुढचं तो विचारेल.

आणि ती कवटी राहू द्या. काढायचीच झाली तर खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी सुती फडक्यानं हळूहळू पुसा. थिनर लावू नका, पॉलिश जातं.